रात्रीची स्वस्त वीज: घ्यावी की नको?

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांकडून या वेळी दुहेरी दराच्या विजेवर, म्हणजे तिथल्या ‘इकॉनॉमी ७’वर (रात्रीचे सात तास स्वस्त, बाकीचे महाग), बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक खाली घेतले आहेत. उत्तरांमध्ये समजण्यापुरते दर धरलेत: दिवसा ३० पेन्स, रात्री १५ पेन्स आणि साध्या एकेरी मीटरवर २५ पेन्स. तुमच्या बिलावरचे आकडे घालून हिशेब पुन्हा करा.

लेस्टर: आमच्या घरात गॅसचा बॉयलर आहे. आम्ही तिघे, वर्षाला साधारण २७०० युनिट जळतात. रात्रीची वीज निम्म्या दरात मिळते असं शेजारी म्हणतात. मीटर बदलून घ्यावा का?

नको. रात्रीचा दर निम्मा असतो हे खरं, पण उरलेल्या १७ तासांचा दर त्यासाठी वाढवलेला असतो. ही योजना १९७८ मध्ये आली, तीच मुळी विजेवर घर आणि पाणी तापवणाऱ्यांसाठी. रात्रीही चालू ठेवावी लागणारी मोठी वीजकेंद्रं होती आणि त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं.

हिशेब असा. दिवसाच्या दरातून एकेरी दर वजा करा: ३० उणे २५, म्हणजे ५. दिवसाच्या दरातून रात्रीचा दर वजा करा: ३० उणे १५, म्हणजे १५. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर एक तृतीयांश, म्हणजे ३३ टक्के. एकूण विजेपैकी इतकी त्या सात तासांत वापरलीत तर बरोबरी होते. फायदा त्याच्या पुढे.

आता फ्रिज बघा. तो चोवीस तास सारखाच चालतो आणि सात तास म्हणजे दिवसाचे २९ टक्के. कधीही न झोपणारा फ्रिजसुद्धा ३३ टक्क्यांना पोचत नाही, तिथे संध्याकाळी ओव्हन, टीव्ही आणि दिवे लावणारं घर कुठून पोचणार? तुमचा रात्रीचा वापर १५ टक्के धरला तर दुहेरी दराने वर्षाला सुमारे ७४९ पौंड होतात, एकेरीने ६७५. म्हणजे ७४ पौंडांचा भुर्दंड. दोन्ही योजनांचे स्टँडिंग चार्जही (वीज वापरा न वापरा, रोज लागणारी ठरावीक रक्कम) शेजारी ठेवून बघा, ते सारखेच असतील असं नाही.

स्लाव: भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला जाडजूड, जड हीटर आहेत. सकाळी भाजतात आणि संध्याकाळी कामावरून येईपर्यंत गार पडतात. मीटरवर दोन रीडिंग येतात. हे बिघडलेत का?

बहुतेक वेळा बिघडलेले नसतात, बटणं उलटी लावलेली असतात. हे स्टोरेज हीटर. आत जड विटा असतात, त्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर ती ऊब सोडतात. भारतातून नव्याने आलेल्यांना हे यंत्र ओळखीचं नसतं आणि घरमालक समजावत बसत नाही.

वर दोन बटणं दिसतील. ‘इनपुट’ म्हणजे आज रात्री किती ऊब साठवायची. ‘आउटपुट’ म्हणजे साठवलेली ऊब बाहेर सोडणारी आतली झडप. थंडी वाटली की आपण आउटपुट पूर्ण उघडतो आणि तसंच विसरतो. मग रात्री विटा तापत असतानाच ऊब निसटत राहते, सकाळी कुणी घरात नसताना उरलेली जाते आणि संध्याकाळी सहाला शिल्लक काही नाही. झोपताना आउटपुट सर्वांत कमीवर आणा. कामावर जातानाही तिथेच राहू द्या. घरी आलात की उघडा. इनपुट मात्र उद्याच्या हवामानाकडे बघून आज रात्री ठरवायचं: कडाक्याची थंडी असेल तर पूर्ण, मार्च-एप्रिलमध्ये निम्मं.

३.४ किलोवॅटचा मोठा हीटर सात तास पूर्ण भरला तर २३.८ युनिट घेतो, म्हणजे आपल्या दराने ३ पौंड ५७ पेन्स. तीच ऊब दुपारी साध्या प्लगच्या हीटरने घेतली तर ७ पौंड १४. त्यामुळे न वापरल्या जाणाऱ्या खोलीतला स्टोरेज हीटर भिंतीवरच्या स्विचनेच बंद ठेवा. हीटरवर कपडे वाळत घालू नका. झाकलेला हीटर आतून जास्त तापतो, सुरक्षा-कटआउट पडतो, आणि मग तो खरंच ‘बिघडतो’.

पाण्याच्या टाकीचंही हेच. टाकीत बहुधा दोन इमर्शन कॉइल असतात: खालची रात्री पूर्ण टाकी तापवते, वरची दिवसा घाईला थोडंच पाणी. १५० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ८ युनिट लागतात, ३ किलोवॅटच्या कॉइलला पावणेतीन तासांच्या आत. म्हणजे सात तास पुरून उरतात. दिवसा पाणी तापवणारं ‘बूस्ट’चं बटण कुणी चालू ठेवून गेलं तर बचत तिथेच संपली. पैसे वाचवायला थर्मोस्टॅट ६० अंशांच्या खाली आणू नका, कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे घातक जिवाणू वाढतात. त्यापेक्षा टाकीला ८० मिलिमीटरचं जाकीट घाला. आणि बादलीने अंघोळ करायची सवय असेल तर ती इथेही सोडू नका.

ग्लासगो: जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला. तेव्हापासून बिल चढलंय आणि एक हीटर तापतच नाही. कुणाला दोष द्यावा?

आधी शोधा, दोष नंतर. जुन्या दुहेरी मीटरपैकी बऱ्याच मीटरशेजारी ‘रेडिओ टेलिस्विच’ नावाची पेटी असे. बीबीसी रेडिओ ४ च्या १९८ किलोहर्ट्झ लाँगवेव्हवरून येणारा संकेत तिच्यातून दर आणि हीटरचं सर्किट दोन्ही बदलत असे. ही सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, म्हणून इतके मीटर बदलले गेले. या बदलात तीन चुका नेहमी दिसतात.

पहिली, रजिस्टरांची (दिवस-रात्रीच्या दोन वेगळ्या आकड्यांची) अदलाबदल: रात्रीचे युनिट दिवसाच्या दराने लागतात. रात्री ११ ला दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, सकाळी उठल्यावर पुन्हा काढा. रात्रीतून जो आकडा जास्त पळाला तो रात्रीचा. मीटरवर ‘रेट १’ म्हणजे दिवसच असेल असं धरून चालू नका. मग बिलावर त्याला काय म्हटलंय ते ताडून बघा.

दुसरी, हीटरच्या सर्किटची जोडणी. जुन्या घरांत हीटरसाठी वेगळा फ्यूजबोर्ड असतो आणि त्यात फक्त रात्री वीज येते. त्यासाठी पाच टर्मिनलचा मीटर किंवा वेगळा स्विच लागतो. तो बसवला नाही तर सर्किट एक तर कायमचं बंद राहतं, नाहीतर चोवीस तास चालू. दुसरा प्रकार वाईट, कारण हीटर गरम होतो आणि आपण खूश राहतो. संध्याकाळी सहाला, विटा गार झाल्या की, हीटरचा स्विच चालू करून स्मार्ट मीटरच्या घरातल्या डिस्प्लेकडे बघा. वापर एकदम दोन-तीन किलोवॅटने उडाला तर सर्किट दिवसाही चालू आहे. तुमचे बाकीचे हीटर तापतात आणि एकच तापत नसेल, तर मात्र मीटरपेक्षा त्या हीटरच्या कॉइलवर किंवा कटआउटवर संशय घ्या.

तिसरी चूक घड्याळाची. स्वस्त वेळ भागाभागानुसार वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी ती रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात असते, आणि पुष्कळ मीटर वर्षभर ग्रीनिच वेळेवरच राहतात. उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे गेलं की तीच वेळ दीड ते साडेआठ होते. टायमर साडेबारावर ठेवलेली गीझरची कॉइल मग पहिला तास महाग वीज पिते.

फोटोंसह पुरवठादाराला लेखी कळवा. चूक त्यांची असेल तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं न लावलेलं बिल आता ते मागू शकत नाहीत. तुमच्याकडून जास्त घेतलं असेल तर मात्र चुकीच्या पहिल्या दिवसापासूनची दुरुस्ती मागा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं, ते मोफत आहे. मीटरचं सील स्वतः कधीही तोडू नका.

रेडिंग: लेस्टरच्या वाचकासारखंच घर, पण आता इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. वर्षाला ८००० मैल.

मग उत्तर उलटं. एका युनिटला साडेतीन मैल धरले तर गाडीला सुमारे २२८५ युनिट लागतील आणि ते सगळे रात्री घेता येतील. एकूण वापरातला रात्रीचा वाटा ५४ टक्क्यांवर जातो. आपल्या दरांनी वर्षाला दीडशे पौंडांच्या आसपास वाचतात. ७.४ किलोवॅटचा चार्जर पाच तासांत ३७ युनिट भरतो, तेव्हा खास गाडीवाल्यांसाठीच्या योजनांमधला कमी तासांचा पण आणखी स्वस्त दरही तपासा. स्मार्ट मीटर आधीच असेल तर दर बदलण्याचं काम बहुधा दूरूनच होतं. नसेल तर माणूस येतो आणि तासभर वीज बंद राहते. त्या दिवशीच्या शेवटच्या आकड्याचा फोटो घ्या. चार्जर ३२ अँपिअर ओढतो, म्हणून घराचा मुख्य फ्यूज ६० चा आहे की १०० चा, हे चार्जर लावणाऱ्याने आधी बघायला हवं.

कव्हेंट्री: कपडे आणि भांडी रात्री धुवावीत ना?

एका धुण्याला पाऊण-एक युनिट. वाचतात फार तर १५ पेन्स. घर झोपलेलं असताना वॉशिंग मशीन आणि ड्रायर चालवू नका असं अग्निशमन दल सांगतं, आणि खालच्या मजल्यावरचे लोकही तेच सांगतील. उशिरा सुरू होण्याची सोय असेल तर पहाटे सहाला लावा, साडेसातपर्यंत उरकतं आणि तुम्ही जागे असता.

लंडन: पुण्यात आईबाबांकडेही स्मार्ट मीटर बसला. त्यांनाही गीझर रात्री लावायला सांगू का?

अजिबात नाही, तिथे गणित उलटं आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांचा, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळेचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं. १ जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू केली. हे आकडे बदलत राहतात, चालू बिलावरचेच धरा. गीझर सकाळी सहाऐवजी नऊनंतर लावायला सांगा, इस्त्री आणि पाण्याची मोटरही दुपारीच.