आंबट सफरचंदांचा मेथांबा, मऊ सफरचंदांचे घारगे

प्रश्न: ताई, सप्टेंबरअखेर आम्ही मुलांना घेऊन सफरचंदं तोडायला गेलो होतो. अर्ध्या बुशेलच्या दोन पिशव्या घेतल्या आणि काठोकाठ भरून आणल्या. आठवडाभर सगळ्यांनी हौसेने खाल्ली. आता मुलं डब्यात दिलेल्या फोडी तशाच परत आणतात आणि गॅरेजमधून गोडसर वास यायला लागलाय. केक, ॲपल पाय वगैरे घरात फारसं कोणी खात नाही. टाकून द्यायला जीव होत नाही. काय करू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: गोडसर वास येतोय म्हणजे पिशवीच्या तळाशी एखादं सफरचंद कुजायला लागलंय. तेव्हा पाककृती नंतर. आधी आजच गॅरेजमध्ये जुनी चादर अंथरा आणि दोन्ही पिशव्या हलक्या हाताने त्यावर ओता. एक बुशेल सफरचंदं म्हणजे साधारण 42 पौंड, 19 किलो. चार माणसांच्या घरात एवढी नुसती चिरून खाऊन संपत नाहीत, त्यात मुलांचा काही दोष नाही.

एकेक हातात घेऊन निवडा. टणक, डाग नसलेली बाजूला काढा. दबलेली, खरचटलेली, सालीला सुरकुत्या आलेली वेगळी ठेवा. ती या शनिवार-रविवारी संपवायची. बुरशी आलेली आणि सडलेली मात्र सरळ टाका. सडका भाग कापून उरलेलं शिजवायचा मोह होतो, पण सफरचंदावरच्या काही बुरशींचं विष शिजवूनही जात नाही. झाडाखालची पडलेली उचलून आणली असतील, तर तीही टाका. बागेत हरणं फिरतात, त्यांची लेंडी जमिनीवर असते.

टणक सफरचंदं न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. त्या खणात कोथिंबीर आणि गाजरं ठेवू नका. सफरचंदातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने कोथिंबीर पिवळी पडते आणि गाजरं कडवट होतात. चांगली टणक सफरचंदं अशी ठेवली की नोव्हेंबरपर्यंत तरी काळजी नाही.

आता जात ओळखा. मुलांचे फोटो काढले असतील, तर मागे रांगेवरची पाटी दिसेल. मॅकिंटॉश शिजलं की विरघळतं, त्याच्या फोडी करायला जाऊ नका. कॉर्टलंडची फोड आकार धरून राहते आणि चिरल्यावर लवकर काळी पडत नाही, म्हणून दह्यातल्या कोशिंबिरीला तेच घ्यावं. एम्पायर या दोघांच्या मधलं. मॅकिंटॉश आणि रेड डेलिशस यांच्या संकरातून ते न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि 1966 मध्ये बागायतदारांच्या हाती आलं. मी रॉचेस्टरजवळ राहते. इथे लेक ऑन्टारिओच्या गार पाण्यामुळे झाडं उशिरा फुलतात, त्यामुळे वसंतातल्या कडाक्यात फुलं जळत नाहीत. म्हणून या काठाला मैलोन्मैल सफरचंदाच्या बागा आहेत, आणि ऑक्टोबरमध्ये तुमच्यासारखी अवस्था आमच्याकडे घरोघरी असते.

माझ्याकडे याचं उत्तर सासूबाईंनी शोधलं. त्या पहिल्यांदा आल्या तो ऑक्टोबर होता, आणि मी अर्धं बुशेल घेऊन अशीच हताश बसले होते. त्यांनी एक हिरवट कॉर्टलंड उचललं, नाकाशी नेलं, विळी नव्हती म्हणून सुरीने चार फोडी केल्या आणि त्यावर तिखट-मीठ टाकलं. एक फोड खाऊन म्हणाल्या, "अगं, हिचा मेथांबा होईल की." राजापूरला त्यांच्या परसात रायवळ आंब्याची दोन झाडं होती, चैत्रात कैऱ्यांचं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. तेव्हापासून आंबट सफरचंद हातात आलं की मी त्याला कैरीच समजते.

मेथांब्याला अर्धा किलो आंबट, कडक सफरचंदं घ्या. तुमच्या पिशवीत आंबट नसतील, तर दुकानातली चार हिरवीगार ग्रॅनी स्मिथ घेऊन त्यांत मिसळा. साल ठेवा, बिया आणि गाभा काढा, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी तडतडली की एक छोटा चमचा मेथीदाणे टाका आणि गॅस बारीक करून तिथेच उभ्या राहा. मेथी तांबूस झाली पाहिजे. काळी झाली तर सगळं ओतून पुन्हा सुरुवात करा, तो कडूपणा गुळाने झाकत नाही. मग हिंग, हळद, फोडी, मीठ, दोन चमचे तिखट आणि अर्धी वाटी पाणी. झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. कैरीपेक्षा सफरचंद फार लवकर शिजतं, म्हणून सुरी अलगद रुतली की लगेच पाऊण वाटी चिरलेला गूळ घाला आणि रस दाटेपर्यंत उघडं उकळा. शेवटी एका लिंबाचा रस. लिंबू टाळू नका, त्याच्याशिवाय कैरीचा आंबटपणा येत नाही. फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस टिकतो, पण पोळीबरोबर आमच्याकडे चार दिवसांत संपतो.

लोणचंही होतं. ग्रॅनी स्मिथच्या फोडी, कैरीचा लोणचे मसाला, मीठ, लिंबू आणि गार केलेली फोडणी. फक्त ते आठवड्यात संपवायचं. कैरीचं लोणचं मुरतं, हे पाणी सोडत मऊ होतं.

दबलेल्या मॅकिंटॉशचे घारगे करा. डाग काढून, सालं काढून फोडी अगदी थोड्या पाण्यात शिजवा, दहा मिनिटांत लगदा होतो. दोन वाट्या लगदा जाड बुडाच्या कढईत आटवून एक वाटी करा. डाव फिरवल्यावर मागे कढईचा तळ दिसायला हवा. घाई केली तर लगद्यात पाणी राहतं, कणीक जास्त लागते आणि घारगे चिवट होतात. त्यातच पाऊण वाटी गूळ विरघळवा, चिमूटभर मीठ, वेलची, एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन. कोमट झालं की मावेल तेवढी कणीक (साधारण सव्वादोन वाट्या) आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घालून घट्ट मळा. पाण्याचा थेंबही नको. अर्धा तास ठेवून जाडसर थापा आणि मध्यम आचेवर तळा. भोपळ्याच्या घारग्यांसारखेच, रंगाला थोडे फिके आणि मागे सफरचंदाचा आंबूस वास. केक न खाणारी तुमची मुलं हे डब्यातून परत आणणार नाहीत.

उरलेला लगदा साखर न घालता झिपलॉकमध्ये चपटा पसरून गोठवा. चपटा असला की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. शिऱ्यात केळ्याऐवजी तो फार छान लागतो. बाटल्यांत भरून कपाटात ठेवायचा असेल, तर फक्त साधा लगदा, पाइंटच्या (साधारण अर्ध्या लिटरच्या) बाटल्यांत कढत भरून, बाटल्या उकळत्या पाण्यात बुडवून 15 मिनिटं. हा वेळ तुमच्यासारख्या सखल भागासाठी. मेथांबा किंवा फोडणीचं काहीही अशा बाटल्यांत भरू नका, ते फ्रिजमध्येच.

साखरांबा करायचा तर किलोभर फोडींना साडेसहाशे ग्रॅम साखर, दोन लिंबं, चार लवंगा. फोडी आधी पाण्यात पारदर्शक होऊ द्या, साखर नंतर. उलट केलंत तर फोडी कडक राहतात.

डाग नसलेल्या सफरचंदांची सालं आणि गाभे टाकू नका, बिया मात्र काढा. ते पाण्यात अर्धा तास उकळून गाळलेलं पाणी त्याच साखरांब्याच्या पाकात घाला. सालीत आणि गाभ्यात पेक्टिन भरपूर असतं, पाक लवकर धरतो आणि लाल सालं असतील तर रंगही गुलाबी येतो.