जुन्या कबरींचे दगड साफ करायच्या वर्कशॉपला जाऊ का, की घरीच ब्लीच आणि तारेच्या ब्रशने जमेल?

वर्कशॉपला जाच, आणि ब्लीच नि तारेचा ब्रश घरीच ठेवा. ब्लीचमुळे क्षार दगडात मुरतात आणि मग तो आतून फुटायला लागतो, ॲसिडने तर संगमरवरावरची अक्षरंच विरघळतात. तिथे पहिलं काय शिकवतात तर दगडावर हलकं टकटक करून बघायला, पोकळ आवाज आला किंवा साखरेसारखे कण हाताला लागले तर त्याला हातच लावायचा नाही. बाकीचे भरपूर पाणी मारून नरम ब्रशने खालून वर घासत जायचे म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत. जोडकामाला सिमेंट अजिबात नको, ते कडक असतं त्यामुळे तडा दगडालाच जातो, चुनाच बरा. आणि हो, स्मशानभूमीवाल्यांची परवानगी आधी घ्या!