केल्टिक मेळ्यात नाचायचं कसं, ऐकायचं कसं: वाचकांचे प्रश्न

मुलगी फ्रान्समध्ये रेनला शिकते. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाऊ, तेव्हा लोरियांचा केल्टिक महोत्सव बघायचा आहे. दोनच दिवस हातात आहेत. कोणते निवडावेत? (एक वाचक दांपत्य, नाशिक)

पहिला शनिवार-रविवार निवडा. हा महोत्सव १९७१पासून लोरियांत भरतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होऊन साधारण दहा दिवस चालतो. लोरियां ज्या प्रदेशात आहे त्या फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीबरोबर आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि स्पेनमधले गॅलिसिया-अस्तुरियास इथले वादक-नर्तक येतात. शनिवारी साधारणपणे बागादांच्या अजिंक्यपदाची अंतिम फेरी असते. बागाद म्हणजे ब्रिटनीचं मोठं वाद्यपथक: बोम्बार्ड (सनईच्या कुळातलं वाद्य), स्कॉटिश बॅगपाइप आणि ढोल-ताशांचा ताफा. रविवारी सकाळी मोठी मिरवणूक निघते. ती स्टेडियममध्ये बसून बघायची तर तिकीट लागतं, ते आधीच काढा. रस्त्यावर उभं राहणार असाल तर तासभर आधी जागा धरा आणि ऊन असलं तरी रेनकोट बरोबर ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर कानात घालायचे बोळे न्याच. जवळून जाणाऱ्या बागादचा आवाज कानाला खरोखर त्रास देतो.

मुक्काम लोरियांतच हवा असा हट्ट धरू नका. त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, आणि रेनहून रेल्वेने दीडेक तासात पोचता येतं. मात्र परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, कारण नाचाला खरी रंगत रात्री येते. आणखी एक सुचवतो. हे शहर १६६६मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीभोवती वसलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ते जवळजवळ सगळं पडलं, त्यामुळे जुन्या गल्ल्या फारशा दिसणार नाहीत. पण खाडीपलीकडे पोर-लुईच्या किल्ल्यात कंपनीचं संग्रहालय आहे. हिंदुस्थानातून गेलेलं सुती कापड कसं आणि कुठे उतरायचं, ते तिथे समजतं. नाशिकहून इतक्या लांब जाताय, तर तेवढा अर्धा दिवस काढा.

लोरियांच्या महोत्सवात प्रेक्षकही नाचात शिरतात असं ऐकलं. अजिबात न येणाऱ्यानं शिरावं का? (एक वाचक, सातारा)

जरूर शिरावं, फक्त अन द्रो या साखळीच्या नाचापासून सुरुवात करावी. रात्रीच्या नाचाला तिथे फेस्ट-नोझ म्हणतात. २०१२मध्ये त्याचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. तो बघण्याचा कार्यक्रम नव्हेच. खुर्चीत बसून राहिलात तर त्यातला अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

अन द्रो हा लोरियांच्याच परिसरातला, व्हान प्रांतातला नाच. तोंड वर्तुळाच्या मध्याकडे, करंगळ्या शेजाऱ्यांच्या करंगळ्यांत गुंतवलेल्या आणि सगळी साखळी डावीकडे सरकते. मात्रा आठ. डावं पाऊल डावीकडे, उजवं त्याच्याजवळ, डावं पुन्हा डावीकडे आणि एक मात्रा थांबा. मग उजवं, डावं, उजवं जागच्या जागी आणि पुन्हा एक मात्रा थांबा. पहिल्या चार मात्रांत हात पुढून वर येत छातीकडे वळतात, पुढच्या चारांत खाली उतरतात.

नवशिका चुकतो तो बहुधा चौथ्या मात्रेला. तिसऱ्या पावलावर शरीराचा सगळा भार टाकला नाही तर तोच पाय पुन्हा उचलला जातो आणि पुढचं सगळं उलटं होतं. चुकलात तर पळून सावरू नका. चार मात्रा नुसते सरका आणि डाव्या पायानं पुन्हा धरा. दुसरी चूक हातांची. हात जोर लावून उचलले की शेजाऱ्याचा खांदा दहा मिनिटांत भरून येतो. आधी पाय बसू द्या, हात शेजाऱ्यांच्या ओढीनं आपोआप फिरू लागतील. पावलं वीतभरच टाका. मोठी टाकली की साखळी ताणली जाते.

साखळीच्या डाव्या टोकाला नेणारा माणूस असतो. त्याच्या पुढे जाऊन कधीही जोडू नका. शेपटाला लागा किंवा कुणी हात सोडून जागा दिली तर तिथे शिरा. खांद्याची पिशवी काढून ठेवा. हांतेर द्रो या दुसऱ्या नाचात हात शेजाऱ्यांच्या हातांत घट्ट अडकवून खांद्याला खांदा लावतात, त्यामुळे एकाचा चुकलेला पाय दोन्ही बाजूंना जाणवतो. तो दुसऱ्या दिवशी करा. डोंगराळ भागातली गावोत ही नाचाची तऱ्हा बघायला सोपी वाटते, पण पहिल्या रात्री तिच्या नादी लागू नये.

मी सनई वाजवतो. बोम्बार्ड तसंच वाद्य आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

कूळ एकच: दुहेरी पत्ती, शंकूसारखी आतली पोकळी, पुढे पसरट तोंड. पत्ती ओठांतच धरतात, म्हणजे तुमची तोंडाची तयारी कामी येईल. पण बोम्बार्ड आखूड असतं आणि त्याची पत्ती ताठ. फुंकेला जोर फार लागतो. म्हणून वादक सलग वाजवत नाही. त्याच्या जोडीला बिनिऊ कोझ हा छोटा बॅगपाइप असतो, तो बोम्बार्डच्या एक सप्तक वर वाजतो. पिशवीत हवा साठलेली असल्यानं बिनिऊचा आवाज तुटत नाही. बोम्बार्ड एक ओळ वाजवतं, मग विसावतं, तेव्हा बिनिऊ तीच ओळ एकटा घेतो. तुमच्याकडे सूर धरणारी दुसरी सनई जे काम करते, ते तिथे बिनिऊचीच एक नळी करते.

एक सवय मात्र मोडावी लागेल. भोक अर्धवट झाकून काढलेली मींड या वाजवण्यात शोभत नाही. इथे सूर जिभेनं तोडतात, कारण नाचणाऱ्याला पाऊल कुठे पडणार ते स्पष्ट ऐकू यायला हवं. पत्ती कोरडी पडली की सूर फुटतो. वाजवण्याआधी ती ओठांत धरून ओली करा. भर उन्हात वाद्य ठेवू नका.

कान हा दिस्कान म्हणजे नेमकं काय? (एक वाचिका, ठाणे)

ब्रिटनीतली, वाद्याशिवाय दोघांनी गाऊन नाचवण्याची रीत. पहिला ओळ म्हणतो. तिची शेवटची काही अक्षरं आली की दुसरा त्यात मिसळतो आणि मग तीच ओळ एकट्यानं पुन्हा म्हणतो. त्याच्या शेवटी पहिला पुन्हा मिसळतो. शाहिराची ओळ झीलकऱ्यांनी उचलावी तसं, फक्त इथे उचलणारा एकच असतो आणि आवाजात फट पडू द्यायची नसते. गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि पाय थांबत नाहीत. ब्रिटनीचे गायक लोएझ रोपार्स यांनी १९५०च्या दशकात या गाण्याला नव्यानं उभं केलं, आजचं फेस्ट-नोझही त्याच प्रयत्नांतून आलं. ऐकताना दोघांचे आवाज जुळतात त्या तीन-चार अक्षरांकडे कान द्या. ताल तिथेच सांभाळला जातो. टाळ्यांनी साथ देऊ नका. त्या हमखास मागे-पुढे होतात आणि जवळच्या नाचणाऱ्यांचा ताल बिघडतो.

आमच्या कॉलेजात आयरिश नाचाचा गट येणार आहे. रंगमंचाची काय तयारी करावी? (एक प्राध्यापिका, पुणे)

सगळ्यात आधी गालिचा काढा. कडक बुटांच्या नाचात पाऊल हेच वाद्य असतं, आणि गालिच्यावर ते मुकं होतं. सिमेंटवर थेट नाचवू नका. नडगी आणि टाच दुखावते. लाकडी चौकटीवर १८ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर टाका, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. स्क्रूची डोकी आत बसवा. पॉलिश नको, घसरतं. एकट्या नर्तकाला आठ बाय आठ फूट पुरतात, आठ जणांच्या नाचाला निदान वीस बाय सोळा लागतात. पावलांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत दोन माइक ठेवा.

जिवंत संगीत असेल तर वादकांना नर्तकांचे पाय दिसतील अशी बाजूला जागा द्या. आयरिश नाचांच्या प्रकारांत रीलची चाल चार मात्रांची, जिग ६/८, स्लिप जिग ९/८. मऊ बुटांचा आणि कडक बुटांचा नाच लागोपाठ ठेवू नका. मध्ये एक निव्वळ वादनाचा तुकडा घाला, बूट बदलायला तेवढा वेळ लागतोच. आणि तालमीसाठी मंच आदल्या संध्याकाळी मोकळा ठेवा. पाट्यांमधली फट किंवा डुगडुगणारा कोपरा पायाखाली आल्याशिवाय सापडत नाही.