उकडीच्या मोदकाची कळी आणि खिडकीतला उजेड

घरी केलेल्या पदार्थांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकताना येणाऱ्या अडचणी या अंकासाठी वाचकांकडून मागवल्या होत्या. बरीच पत्रे घरून ऑर्डरी घेणाऱ्यांची आहेत. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : गणेशोत्सवात मी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. मोदक कळीदार होतात, लोक नावाजतात. पण फोटोत ते पिवळट आणि सपाट दिसतात. फोन चांगला आहे, मग चुकते कुठे? (एक भगिनी, डोंबिवली)

आपण पाठवलेल्या फोटोंत प्रत्येक मोदकाच्या दोन सावल्या पडल्या आहेत, एक निळसर आणि एक पिवळसर. म्हणजे वरची ट्यूबलाइट आणि ओट्याजवळचा पिवळा दिवा असे दोन्ही चालू असताना आपण फोटो काढले आहेत. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात : ट्यूबलाइटचा साधारण ६५०० केल्विन असतो आणि पिवळ्या दिव्याचा ३००० च्या आसपास. फोन त्यांपैकी एकाच रंगाशी जुळवून घेऊ शकतो, त्यामुळे दुसऱ्याची छटा पांढऱ्या उकडीवर राहतेच आणि नंतर कितीही फिल्टर लावले तरी ती पुरती जात नाही. फोटो काढताना घरातले दिवे सरळ बंद करावेत, टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ओढावे आणि उजेड मोदकांच्या एका बाजूने येईल असे पाहावे. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पांढरे सुती कापड लावावे. भाद्रपदातल्या ढगाळ दिवसांची अनेकांना अडचण वाटते, पण या कामाला ढगांतून गाळून आलेला उजेड फार चांगला असतो.

कळ्या दिसतात त्या सावलीमुळे. कळी म्हणजे एक उंचवटा आणि त्याच्या शेजारची खाच. उजेड बाजूने आला तर खाचेत सावली उतरते आणि बोटांनी पाडलेली एकेक कळी वेगळी उठून दिसते. फ्लॅश समोरून सगळ्या खाचा उजळून टाकतो, म्हणून तो वापरूच नये. सावली फार गडद वाटली तर खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डपेपर उभा धरावा. तेवढ्याने ती हवी तशी फिकी होते.

पांढरा पदार्थ फोनला नीट समजत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पांढऱ्या ताटलीत मोदक ठेवले तर फोन सगळे दृश्य राखाडी करतो आणि गडद हळदीच्या पानावर ठेवले तर मोदक इतके उजळवतो की कळ्या पुसल्या जातात. पडद्यावर मोदकावर बोट ठेवावे आणि शेजारी येणारे सूर्याचे चिन्ह वर-खाली सरकवून कळीच्या कडा दिसतील तेवढाच उजेड ठेवावा. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : आपल्या अंगावरच्या कपड्यांचा रंग पदार्थावर पडतो. सणाची लाल साडी नेसून मोदकांवर वाकलात, तर पांढऱ्या उकडीवर गुलाबी झाक येते.

सर्वांत मोठा प्रश्न वेळेचा आहे. पात्रातून काढलेला मोदक हवेवर थोडा वेळ राहिला की त्याची पापडी धरते आणि टोकाजवळ चिरा दिसू लागतात. म्हणून आधी ताटली, पान, फोन आणि उजेड हे सगळे जुळवून घ्यावे. त्यासाठी कळी मोडलेला एखादा मोदक जागेवर ठेवून पाहावा. सगळे मनासारखे झाले की मगच पात्राचे झाकण काढावे, चांगले मोदक पाण्याचा हात लावून उचलावेत, बोटाने तुपाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि लगेच फोटो घ्यावेत. बाकीचे मोदक तोपर्यंत ओल्या फडक्याखाली असू द्यावेत.

प्रश्न : संपूर्ण ताटाचा वरून घेतलेला फोटो टाकला, तर एका ज्येष्ठ नातेवाइकांनी ‘ताट उलटे वाढले आहे’ असे लिहिले. मी नेहमीसारखेच वाढले होते. शिवाय कडेच्या वाट्या लंबगोल दिसतात. (एक वाचक, सोलापूर)

ताट आपण बरोबर वाढले असणार; ते उलटे झाले फोनमध्ये. स्वतःला पडदा दिसावा म्हणून पुष्कळजण पुढच्या कॅमेऱ्याने फोटो घेतात. हा कॅमेरा अनेक फोनांत आरशासारखे प्रतिबिंब दाखवतो आणि सेटिंग तसे असेल तर फोटोही तसाच साठवतो. मग डावीकडची चटणी, कोशिंबीर आणि लोणचे उजवीकडे जातात आणि भाज्या डावीकडे येतात. मीठ आणि भात मधल्या रेषेवर असल्यामुळे ते जागच्या जागी दिसतात आणि काढणाऱ्याच्या ध्यानात काही येत नाही. ज्यांनी पंक्तीत वाढले आहे त्यांच्या मात्र पहिल्या नजरेत येते. आपल्याकडे ताटाला डावी-उजवी बाजू आहे आणि ती फोटोतही जपली जावी, असे मला मनापासून वाटते. तेव्हा मागचाच कॅमेरा वापरावा आणि फोटो सजवताना आडवा उलटवण्याची सोय टाळावी.

वाट्या लंबगोल होतात त्या फोन फार जवळ धरल्याने. जवळून सगळे ताट मावावे म्हणून रुंद भिंग वापरले की कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. स्टुलावर उभे राहून फोन वर न्यावा आणि दुप्पट झूम करावा. चौकटीच्या रेषा आणि समपातळी दाखवणारी खूण सुरू केली, तर फोन ताटाला समांतर आहे की नाही ते कळते.

वरून फोटो घेताना वाटीची खोली दिसत नाही, दिसतो तो फक्त पृष्ठभाग. वाटी अर्धी भरलेली असली तर आमटीभोवती काठाच्या सावलीचे काळे कडे दिसते, म्हणून एरवीपेक्षा जरा वरपर्यंत भरावी. उसळीतले दाणे आणि भाजीतल्या फोडी चमच्याने वर आणाव्यात. पापड आणि भाताच्या मुदीवरचे तूप अगदी शेवटी वाढावे. श्रीखंडावर कोथिंबिरीचे पान ठेवलेले अलीकडे दिसते. हिरवा ठिपका रंगाला बरा वाटत असेल, पण जे त्या पदार्थाबरोबर खाल्ले जात नाही ते त्यावर ठेवू नये.

प्रश्न : मिसळीचा फोटो घेईपर्यंत फरसाण मऊ पडते आणि तर्रीची चमक जाते. फरसाण वर राहावे म्हणून खाली वाटी पालथी घालावी, असे एकाने सुचवले आहे. ते योग्य आहे का? (एक वाचक, कऱ्हाड)

मिसळ विकायची असेल तर ते योग्य नाही, कारण पालथ्या वाटीमुळे दिसते तेवढी उसळ प्रत्यक्षात नसते. त्याऐवजी मटकीची घट्ट उसळ तळाशी रचावी, तिच्यावर फरसाण आणि कांदा ठेवावा, आणि रस्सा मधोमध न ओतता कडेने सोडावा, म्हणजे फरसाण काही काळ कोरडे राहते. तर्रीचा शेवटचा पळा फोन रोखून ठेवल्यावरच घालावा. तर्रीची चमक म्हणजे तेलावर पडलेले उजेडाचे प्रतिबिंब असते, म्हणून खिडकी पदार्थाच्या मागे थोडी तिरकी हवी आणि फोन साधारण ४५ अंशांवर. मागे गडद कापड असले तर याच उजेडात वाफही दिसते. ओतताना एकामागून एक वीस-पंचवीस फोटो घ्यावेत आणि त्यांतला एक निवडावा. कोथिंबीर तोवर बर्फाच्या पाण्यात ठेवली तर ताठ राहते. टाकण्यापूर्वी ती चांगली झटकावी, नाहीतर तर्रीत पाण्याचे थेंब पडतात.

प्रश्न : एका ग्राहकाने ‘फोटोतल्यापेक्षा पुरणपोळी लहान निघाली’ अशी तक्रार केली. मी काहीही खोटे केलेले नाही. (एक भगिनी, नाशिक)

आपला हेतू स्वच्छ आहे याविषयी मला शंका नाही. पण फोटोत आकाराचा अंदाज येईल असे काहीच नाही. नुसती पोळी चौकट भरून दिसली की पाहणारा तिला आपल्या घरच्या पोळीएवढी धरतो. शेजारी तुपाची नेहमीची वाटी ठेवावी किंवा पोळी हातात धरलेला एक फोटो जोडावा, आणि मजकुरात नग व वजन लिहावे. रंगाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी : केशराचा रंग सॉफ्टवेअरने वाढवला तर ग्राहक ते केशर मागणारच. संगणकाने तयार केलेले चित्र आपल्या पोळीचे म्हणून कधीही लावू नये. विक्रीसाठी टाकलेला फोटो ही जाहिरातच असते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना लागू होतो. तक्रार करणाऱ्या ग्राहकाला आपण फोटो बदलल्याचे अवश्य कळवावे.

प्रश्न : थंडीत येथे चारच्या सुमारास अंधारू लागते आणि मी कामावरून येते सहाला. फराळाच्या पदार्थांचे फोटो दिव्यातच काढावे लागतात. काय करावे? (एक वाचक, लंडन)

चकली, शंकरपाळी, करंजी आणि बेसनाचे लाडू हे पदार्थ मोदकासारखी घाई करत नाहीत, त्यामुळे शनिवारी सकाळपर्यंत थांबता आले तर थांबावे. ते शक्य नसेल तर एकच एलईडी दिवा घ्यावा. त्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० किंवा त्याहून अधिक असावा, नाहीतर तळणीचा खरपूस रंग मातकट दिसतो. दिव्यापुढे पांढरे कापड ताणून धरावे आणि बाकीचे सगळे दिवे मालवावेत. फराळ बहुतेक एकाच बदामी रंगाचा असतो, तेव्हा दिवा खाली, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवावा, म्हणजे चकलीचे काटे सावलीने उठून दिसतात. करंज्या सगळ्याच अखंड ठेवू नयेत. एक मधोमध मोडावी, तिचे तोंड दिव्याकडे करावे आणि सारणातली खसखस दिसेल इतक्या जवळून फोटो घ्यावा.