तिबेटी पोथ्यांकडे वळताय? इथून सुरुवात करा

आधी उचेन लिपी पक्की करा. तिच्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला ती लवकर जवळची वाटते. डोक्यावर रेघ नसलेल्या उमे लिपीची घाई नको.

नवखे हमखास इथे चुकतात:

- फक्त मजकुराचा फोटो काढतात. डावा समास सोडू नका, पानाचा आकडा बहुधा तिथेच अक्षरी लिहिलेला असतो. गुंडाळलेलं कापड, लाकडी फळ्या हेही नोंदवा.
- पानं सुटी असतात, आपल्या जुन्या पोथ्यांसारखीच. एका वेळी एकच उलटा.
- लाकडी ठशांची छापील प्रत हस्तलिखित समजतात.

शेवटचं पान मात्र जरूर वाचा. कुणी लिहिलं, कुणी खर्च केला, हे पुष्कळदा तिथे कळतं. मला ती ओळ सगळ्यात प्रिय आहे. जमलं तर हिमाचलमधल्या धरमशाला गावातलं १९७० मध्ये स्थापन झालेलं तिबेटी ग्रंथालय पाहून या.