वाचकांचे प्रश्न : मायक्रोस्कोप आणि डोळे

प्रश्न : शाळेत आरशाचे मायक्रोस्कोप आहेत. प्रॅक्टिकलच्या तासाला नेमकी लाइट जाते, म्हणून टेबल व्हरांड्यात उन्हाला घेतो. उजेड भरपूर मिळतो, पण मुलं डोळे चोळतात. चालेल का?
— विज्ञान शिक्षिका, केज (जि. बीड)

अजिबात नाही. टेबल आधी सावलीत घ्या. भिंगानं कागद जाळतात तेच इथे होतं, फक्त कागदाच्या जागी डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) असतो. या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजलं तरी मूल तक्रार करत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो. तो कायमचाही राहू शकतो आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही.

आरसा निळ्या आभाळाकडे किंवा समोरच्या चुना दिलेल्या भिंतीकडे वळवा. कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू, नसेल तर खोलगट. मुलानं डोळा लावण्याआधी आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) दोन बोटं उंच पांढरा कागद धरा. त्यावरचं वर्तुळ लख्ख, डोळे दिपवणारं असेल तर आरशात ऊन आलंय असं समजा. सूर्य सरकतो, त्यामुळे ही तपासणी दर तासाला हवी. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, हेही आपल्याकडे बारा महिने खरं नाही : साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत बीडला भर दुपारीसुद्धा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि शाळा तर जूनमध्येच सुरू होते.

मोबाइलचा टॉर्च वापरायचाच असेल तर मध्ये ट्रेसिंग पेपर धरा.

प्रश्न : लॅबमध्ये दिवसभर स्लाइड बघतो. संध्याकाळी कपाळ ठणकतं. नंबर उणे 2, सिलिंडर (तिरका नंबर) 1.25. चष्मा काढून बघावं का? शिवाय 40च्या लेन्सवर काळे धागे तरंगताना दिसतात.
— लॅब टेक्निशियन, लातूर

नुसता उणे नंबर असता तर चष्मा काढून चाललं असतं, फोकसचा स्क्रू तो भरून काढतो. सिलिंडर मात्र कुठलाच स्क्रू भरून काढत नाही. तुम्ही चष्मा ठेवा आणि आयपीसचं रबर खाली दुमडा, म्हणजे काचेवर चरे पडणार नाहीत. आयपीसवर चष्म्याचं चिन्ह असेल तर ते चष्मेवाल्यांसाठीच आहे.

ठणका बहुधा जुळणी बिघडल्यामुळे असावा, कारण आधीच्या शिफ्टवाल्यानं मशीन स्वतःच्या डोळ्यांना लावलेलं असतं. दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत आयपीस जवळ-दूर करा. मग डावा डोळा मिटून, उजव्यानं 40च्या लेन्सवर स्क्रूनं फोकस करा. आता उजवा मिटा आणि स्क्रूला हात न लावता डाव्या आयपीसची कडी फिरवून चित्र स्पष्ट करा. (काही मशीनवर कडी उजवीकडे असते, तिथे उलट.) आयपीसमधल्या अंतराचा आणि कडीवरचा, असे दोन्ही आकडे चष्म्याच्या डबीवर लिहून ठेवा, रोज अर्धं मिनिट लागेल. बसताना आधी खिडकीबाहेर लांबचं झाड बघा आणि त्याच सैल नजरेनं आयपीसला या. जवळचं बघितल्यासारखा डोळा ताणला की कपाळ दुखणारच. एकेका स्लाइडनंतर पापण्या मुद्दाम मिटा.

धागे : 40च्या लेन्सवर, म्हणजे 400 पटीला, आयपीसमधून येणारा झोत जेमतेम 0.8 मिलिमीटर रुंद असतो. एवढ्या बारीक झोतात डोळ्यातल्या जेलीतल्या तंतूंची सावली ठळक पडते. डायफ्राम (स्लाइडखालची उजेडाची झडप) मिटून उजेड कमी कराल तर झोत आणखी बारीक होतो. उजेड दिव्याच्या बटणानंच कमी करा. आयपीस फिरवल्यावर ठिपका फिरला तर ती त्यावरची धूळ, स्लाइडबरोबर सरकला तर स्लाइडवरची घाण, आणि नजरेबरोबर पळाला तर तो तुमच्या डोळ्यातला. धागे अचानक वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा कडेला पडदा आल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : हॉस्टेलमध्ये डोळ्यांची साथ आहे. मायक्रोस्कोप सगळ्यांत एकच.
— कृषी पदवीचा विद्यार्थी, परभणी

डोळे आलेल्यानं आयपीसला डोळा लावूच नये, मोबाइलनं फोटो काढून बघावा. बाकीच्यांनी प्रत्येकामागे रबर आणि धातूची कड 70 टक्के स्पिरिटनं पुसून कोरडी करावी. काचेवर आधी ब्लोअर, मग लेन्स पेपर. फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब बसतात. रुमाल, ओढणीही नको, त्यातल्या धुळीनं काच खरवडते.