सांडपाण्याला गिऱ्हाईक कोण?

मागच्या वेळी बोलता बोलता लिहून गेलो की सांडपाणी हा आता कचरा राहिला नाही, माल झालाय. त्यावर इतके प्रश्न आले की इनबॉक्स तुंबला (आमच्या धंद्यात दुसरी उपमा सुचतच नाही). सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही म्हणून निवडक घेतलेत. माझी बावीस वर्षं एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) बांधण्यात आणि त्याहून जास्त बंद पडलेले एसटीपी चालू करण्यात गेलीयेत, तेवढ्या अधिकारातच बोलतोय.

"सर, पुण्यात बाणेर साईडला आमची २०० फ्लॅट्सची सोसायटी आहे. बिल्डरने एसटीपी दिलाय पण ते पाणी फ्लशला सोडलं की वास येतो, कमोड पिवळे पडतात, मेंबर लोक भांडायला येतात. शेवटी कमिटीने ते बंद करून टँकर सुरू केले. एसटीपी काढूनच टाकावा का?"

अजिबात काढू नका. आधी एक करा, आज रात्री दोन वाजता बेसमेंटला जा आणि ब्लोअरचा (टाकीत हवा सोडणाऱ्या मशीनचा) आवाज येतोय का ते ऐका. मस्करी नाही करत. एका सोसायटीत मला असंच बोलावलं होतं, ऑपरेटर म्हणे प्लांट चोवीस तास चालू, लॉगबुकात रोजची सही एकदम टापटीप, पण विजेच्या मीटरचं रीडिंग संध्याकाळी आणि पहाटे असं दोनदा घेतलं तर रात्री अकरा ते सहा ब्लोअर गपगार. विचारलं तर कळलं सेक्रेटरी साहेबांनीच लाईट बिल कमी करायला सांगितलेलं. आता त्या टाकीत घाण खाणारे जे जिवाणू असतात त्यांना हवा लागते हो, सात तास हवा बंद केली की ते गुदमरतात आणि त्यांच्या जागी सडवणारे येतात, वास त्यांचा.

काचेच्या बाटलीत एरेशन टाकीतलं (जिथे ही हवा सोडतात) पाणी भरून बघा. तपकिरी रंग आणि ओल्या मातीसारखा वास असेल तर प्लांट जिवंत आहे, काळपट आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर हवा कमी पडतेय किंवा गाळ वेळेवर काढला जात नाहीये. कमोड पिवळे पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा कार्बन फिल्टर, त्यातला कोळसा संपलेला असतो आणि बिल्डर गेल्यापासून कुणी बदललेला नसतो. शेवटी थोडं क्लोरीन शिल्लक राहील एवढं हायपो (क्लोरीनचं द्रावण) सोडत राहा म्हणजे फ्लश टँकमधे शेवाळ धरणार नाही.

आणि हिशोब मेंबरांसमोर मांडा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात त्यातले ४५ नुसते फ्लशला. घरात चार माणसं म्हणजे २०० फ्लॅटचे रोज ३६,००० लिटर, दहा हजारवाले साडेतीन टँकर, रोज! ब्लोअरचं बिल आणि टँकरचं बिल शेजारी शेजारी नोटीस बोर्डावर लावा, भांडणं आपोआप दुसऱ्या विषयावर जातील.

"सर मी नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. जगात खरंच गटाराचं पाणी पितात का, की नुसते रील्स आहेत?"

पितात. पण "गटाराचं पाणी पितात" म्हणणं म्हणजे शेणखतावर आलेली भेंडी खाल्ली की शेण खाल्लं म्हणण्यासारखं आहे.

थेट नळाला द्यायचं, आजही चालू असलेलं सगळ्यात जुनं उदाहरण सिंगापूर-अमेरिकेचं नाहीये, आफ्रिकेतलं आहे. नामिबियाची राजधानी विंडहोक, वाळवंटी भाग, जवळ बारमाही नदी नाही. तिथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या लाईनला देतात, २००२ मधे २१ एमएलडीचा (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) नवा प्लांट झाला. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते, कारखान्यांचं सांडपाणी त्यांनी पहिल्यापासून वेगळं ठेवलं, पिण्याच्या प्लांटला फक्त घरगुती. आपल्याकडे सगळं एकाच नाल्यात सोडायचं आणि मग महागडी मशिनरी लावून वेगळं काढत बसायचं.

सिंगापूरने २००३ मधे 'न्यूवॉटर' सुरू केलं. मलेशियाकडून पाणी घ्यायचा करार २०६१ ला संपतोय, म्हणून घाई. मायक्रोफिल्ट्रेशन, मग आरओ, मग यूव्ही. आज देशाची ४० टक्क्यांपर्यंत मागणी त्यातून भागू शकते, पण गंमत अशी की त्यातलं बहुतेक पाणी लोक पीतच नाहीत, ते जातं चिप बनवणाऱ्या कारखान्यांना आणि एसीच्या कूलिंगला, उरलेलं कोरड्या महिन्यात जलाशयात सोडून मग प्यायच्या पाण्यात येतं. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने २००८ पासून असंच शुद्ध केलेलं पाणी जमिनीत मुरवायला सुरुवात केली, २०२३ पर्यंत क्षमता दिवसाला १३ कोटी गॅलनवर नेली, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास ४९० एमएलडी. आणि थेट नळाला द्यायचे नियम कॅलिफोर्नियाने २०२३ च्या डिसेंबरात मंजूर केले. विंडहोकनंतर ५५ वर्षांनी!

मधली ५५ वर्षं टेक्नॉलॉजीसाठी लागली नाहीत. आरओची पहिली कामाची मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पातळ पडदा) लोब आणि सौरीराजन यांनी (हो, श्रीनिवास सौरीराजन, आपलेच) १९६० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत बनवली होती. वेळ गेला तो लोकांच्या मनातली किळस जायला. ऑस्ट्रेलियात टूवूम्बा नावाचं गाव आहे, २००६ मधे दुष्काळ ऐन भरात असताना तिथे मतदान घेतलं आणि ६२ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. सिंगापूरने आधी कारखान्यांना विकलं आणि बाटल्या भरून लोकांच्या हातात दिल्या, टूवूम्बात थेट मतपेटीच पुढे केली.

"आमचं सोलापूरला टॉवेलचं डाइंग युनिट आहे. महापालिकेकडून शुद्ध केलेलं सांडपाणी घेतलं तर परवडेल का? आणि खरं सांगा, गिऱ्हाईकाला कळलं तर?"

साहेब, तुम्ही सोलापूरकर आहात, तुम्हीच ही शंका काढावी म्हणजे कमाल झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं दोन्ही, नदीने वाहत उजनीत येतं आणि उजनीचं पाणी तुम्ही पिता. तेव्हा पुनर्वापर तुम्ही कधीचा करताय, फक्त बिल वेगळ्या नावाने येतंय.

परवडण्याचं म्हणाल तर सगळा खेळ पाइपात आहे. पाणी शुद्ध करणं हे या धंद्यातलं सोपं काम, अवघड काय तर रोज ठरलेलं पाणी ठरल्या भावाने घेणारं मोठं गिऱ्हाईक प्लांटच्या जवळ असणं. सुरतेत पांडेसरा भागात कापडाच्या प्रोसेसिंग मिल्स एकाला एक चिकटून आहेत म्हणून २०१४ मधे महापालिकेने ४० एमएलडीचा टर्शरी प्लांट (एसटीपीतून निघालेलं पाणी आणखी शुद्ध करणारा) टाकला आणि माल खपला. चेन्नईत मणलीची रिफायनरी आणि खत कारखाना नव्वदच्या दशकापासून सांडपाणी विकत घेतायत, २०१९ मधे तिथे ४५-४५ एमएलडीचे दोन आरओ प्लांट आले ते पण कारखान्यांसाठीच. आणि आपल्या नागपूरचं तर उदाहरण देशभर देतात, सरकारी वीज कंपनी महाजेनकोला कोराडीच्या वीज केंद्रासाठी पाणी हवं होतं, पेंच धरणावर शेतीचा आणि शहराचा हक्क, मग २००८ मधे महापालिकेशी करार झाला, ११० एमएलडी सांडपाणी, वर्षाला १५ कोटी रुपये. भांडेवाडीला १३० एमएलडीचा प्लांट उभा राहिला. परत वाचा, महापालिकेने मैला विकून पैसे कमावले!

पुढे २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणात नियमच आला की एसटीपीच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने ते पाणी घ्यायचंच, आणि खर्च वीजदरात वसूल करता येईल. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात खरी जान आहे. सक्ती करून कुणी काही विकत घेत नाही, खर्च पुढे ढकलायची सोय दिली की घेतो.

तुमच्यापुरतं सांगतो. एकट्याने जाऊ नका, आठ-दहा युनिट मिळून मागणी टाका. डाइंगला लोह आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा) कमी लागतो नाहीतर शेड बदलते, म्हणून करारात नुसतं 'शुद्ध पाणी' असं लिहून घेऊ नका, टीडीएस (विरघळलेले क्षार), हार्डनेस, लोह, रंग सगळ्याचे आकडे घाला आणि आकडा चुकला तर त्या दिवसाचं बिल नाही हे पण घाला. गिऱ्हाईकाचं म्हणाल तर परदेशी खरेदीदार हल्ली उलट विचारतात की ताजं पाणी किती वापरता.

"पाणी म्हणजे पुढचं तेल असं सगळीकडे वाचतो. पाण्याचं फ्युचर ट्रेडिंगपण सुरू झालंय म्हणे. आत्ताच पैसे टाकावेत का?"

शेअरचा सल्ला मी देत नाही, तो माझा प्रांत नाही, पण पाणी म्हणजे तेल नाही एवढं नक्की सांगतो. तेल जहाजात भरून अर्ध्या जगाला नेलं तरी परवडतं. पाण्याचे हजार लिटर म्हणजे एक टन वजन आणि किंमत किरकोळ, ते पन्नास किलोमीटर पंप करायचं म्हटलं तरी घाम फुटतो. त्यामुळे पाण्याचा जागतिक भाव नावाची चीजच नाही, भाव असतो खोऱ्याचा, तालुक्याचा, कधीकधी गल्लीचा.

फ्युचर्स सुरू झालेत ते खरंय, डिसेंबर २०२० मधे शिकागोच्या सीएमई या वायदेबाजारात, पण ते फक्त कॅलिफोर्नियाच्या पाण्याच्या एका निर्देशांकावर. एक करार १० एकर-फुटांचा, म्हणजे सव्वा कोटी लिटरच्या आसपास, आणि शेवटी हिशोब पैशात मिटवतात, थेंबभर पाणी इकडचं तिकडे होत नाही. प्रत्यक्ष पाण्याच्या हक्काची खरेदी-विक्री बघायची तर ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात बघा, तिथे जमीन वेगळी आणि पाण्याचा हक्क वेगळा विकता येतो.

मोठा पैसा गेला तो पाण्यात नाही, पाणी साफ करणाऱ्यांत. व्हेओलिया या फ्रेंच पाणी कंपनीने २०२२ मधे तिची स्पर्धक सुएझचा मोठा भाग घेऊन टाकला, सौदा १३ अब्ज युरोच्या घरातला. झायलम या अमेरिकन कंपनीने २०२३ मधे साडेसात अब्ज डॉलरला एव्होक्वा ही पाणी शुद्ध करणारी कंपनी घेतली. यांनी काय विकत घेतलं तर मेम्ब्रेन, सर्व्हिस आणि प्लांट चालवायची वर्षानुवर्षांची कंत्राटं. वाव आहेच, जगात ठरवून पुन्हा वापरलं जाणारं सांडपाणी एकूण सांडपाण्याच्या ११ टक्क्यांच्या आसपास आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात आपल्या शहरांचं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारं २० हजारांच्या थोडं वर.

पण आमच्या लाईनमधल्या कुठल्याही कंपनीची ऑर्डर बुक बघून खूश होऊ नका, उधारी बघा. सरकारी गिऱ्हाईकाकडून बिल निघेपर्यंत काय हाल होतात ते मी भोगलंय, एका ठिकाणी शेवटचा हप्ता येईपर्यंत आमच्या साईट इंजिनिअरचं लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागली होती.

"साहेब, दौंड तालुक्यात शेती आहे. पुण्याचं शुद्ध केलेलं पाणी बेबी कालव्यातून येतं म्हणतात पण पाण्यावर फेस असतो. ऊस होतो, भाजीपाला लावला तर चालेल का? इस्रायलला म्हणे असंच करतात."

दादा, इस्रायल जवळजवळ ९० टक्के सांडपाणी शेतीला वापरतं हे बरोबर आहे. पण तेल अवीवचं पाणी शाफदानच्या प्लांटमधे शुद्ध होतं, मग वाळूत मुरवतात, काही महिने जमिनीखाली राहतं, मग उपसून नेगेव्हच्या वाळवंटात ड्रिपला जातं. तुमच्याकडे मुंढव्याच्या जॅकवेलने (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीने) नदीतून उचललेलं पाणी येतं, आणि नदीत काय काय मिसळतं ते पुलावरून जाताना नाकाला कळतंच.

फेस म्हणजे साबण-डिटर्जंट, शुद्धीकरण पूर्ण झालं नसल्याची खूण. कच्चं खातात ते म्हणजे कोथिंबीर, पालक, काकडी, गाजर यावर लावू नका, जंतांची अंडी पानाला चिकटतात. ऊस, चारा, कापूस ठीक. भाजी घ्यायचीच तर ठिबकने, पाणी पानाला-फळाला लागणार नाही असं, आणि काढणीच्या आधी काही दिवस पाणी तोडा. या पाण्यात नत्र-स्फुरद असतं, तेव्हा युरिया नेहमीएवढाच टाकला तर ऊस नुसता वाढेल, लोळेल आणि उतारा पडेल. वर्षातून दोनदा पाण्याचा ईसी (खारेपणा, डेसीसीमेन्स प्रति मीटरमधे) आणि एसएआर (सोडियमचं प्रमाण) तपासून घ्या, ईसी ०.७ च्या आत असेल तर बिनधास्त, ३ च्या वर गेला तर तुमच्या काळ्या जमिनीला ते झेपणार नाही. साबणातलं सोडियम साचलं की माती दगडासारखी होते.

आणि रागाची गोष्ट ही आहे की साडेसहा टीएमसी शुद्ध पाणी शेतीला द्यायचं आणि त्या हिशोबावर धरणातलं पाणी शहराने घ्यायचं, अशी ती अदलाबदल आहे. पाणी किती आलं ते मोजतात, कसं आलं ते तुमच्या चारीवर कोण मोजतो? गावाने मिळून नमुने घ्या, तारीख टाकून रिपोर्ट जमवा, पाणीवाटपाच्या बैठकीत फेसाच्या फोटोपेक्षा लॅबचा कागद जास्त चालतो.

"मुंबईला समुद्र असताना सांडपाण्याच्या मागे कशाला लागायचं?"

कारण समुद्राच्या एका लिटरमधे ३५ ग्रॅम मीठ असतं आणि सांडपाण्यात एखाद ग्रॅम. हजार लिटर समुद्राच्या पाण्याला ३ ते ४ युनिट वीज लागते, सांडपाण्याला पिण्यालायक करायला त्याच्या निम्म्याहून कमी. बाकी भांडूप, धारावी, वरळी वगैरे मिळून सात ठिकाणी २,४६४ एमएलडीचे प्लांट होतायत, ते पाणी घेणार कोण हे आत्ताच ठरवलं नाही तर शुद्ध करून परत खाडीत सोडावं लागेल.

"दादा, घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी मी बादलीत साठवते. तुळशीला घातलं तर चालतं का?"

ताई, तुळशीला नको, कुंडीत मीठ साठत जातं. फरशी, संडास, भांड्यांचा पहिला हात याला खुशाल वापरा. पण तुमच्याकडे महापालिकेचं पाणी येत असेल तर एक छोटा टीडीएस मीटर घ्या आणि आधी बादलीत नाही, नळाखाली धरा. आकडा शे-दोनशे आला तर आरओची गरजच नाही, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. हरित लवादाने २०१९ मधे म्हटलंच होतं की ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओ नकोच. मग बादलीपण नको आणि तुळशीचा प्रश्नपण नको.